आजोबांची फियाट, आजीचे डोळे



२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा तिच्याविषयी खूप लिहून आलं. कारखाना, रंग, सिनेमे. शेजारच्या सीटवर कोण बसायचं, ते मात्र कुणी लिहिलं नाही. ते आज सांगते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याला फियाट बनायची. तिचं नाव पुढे पद्मिनी झालं, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. नवी गाडी हवी तर नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून आमच्या आजोबांनी निवृत्तीच्या फंडातून जुनीच घेतली. चालवायला शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका ट्रक ड्रायव्हरकडून, आणि चालवायचेही ट्रकसारखीच, रस्त्याच्या मधून.

गियर स्टीअरिंगच्या दांड्याला. तो टाकताना आजोबा खाली बघायचे! पुढची सीट बाकासारखी सलग, पट्टाबिट्टा काही नाही. मी मधे, आजी खिडकीशी. क्लच सुटला की गाडी बेडकासारखी उडायची. आम्हा मुलांना गंमत वाटे.

आजीला वाटत नसे. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय हे तिला कळलं होतं. ते मानत नव्हते आणि त्यांच्यापुढे बोलायची एकाही मुलाची छाती नव्हती. मग आजी रस्ता बोलून दाखवू लागली. "अहो, बैलगाडी. अहो, पूल आला. अहो, समोरून एसटी." पुण्यापासून वाईपर्यंत हेच. तिलाच कुणी गाडी का शिकवली नाही, असं आज तुम्ही विचाराल. तेव्हा हा प्रश्न कुणाला सुचला नाही. तिलाही नाही.

खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता. जाणारी-येणारी सगळी वाहनं एकाच घाटात. एका संध्याकाळी वळणावर ट्रकचे दिवे आले आणि आजोबा थेट दिव्यांकडेच निघाले. आजीनं माझ्या अंगावरून हात टाकून स्टीअरिंग डावीकडे ओढलं. नशीब, डावीकडे डोंगर होता. गाडी गटारात गेली, आम्ही वाचलो.

"ट्रकवाल्यांना अक्कल नाही," आजोबा म्हणाले.

आजी गप्प. घरी आल्यावर तिनं किल्ली मसाल्याच्या डब्यामागे ठेवली. "डोळे दाखवून या, मग मागा." आजोबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आज चाळिशीनंतर परवाना नवा करताना डॉक्टरांचा दाखला लागतो. आमच्याकडे तो आजीनं अडवला.

ऑपरेशन झालं. त्या काळच्या जाड भिंगांतून समोरचं दिसे, बाजूचं नाही. किल्ली डब्यामागेच राहिली. वर्षभरात गाडी विकली.

पुढे एसटीत आजी ड्रायव्हरच्या मागचाच बाक धरायची. "पूल आला," असं हळूच म्हणायची. एकदा एका ड्रायव्हरनं उत्तरही दिलं, "हो आजी, दिसला."