शेजारचे ताट, उघडे दार आणि सोवळे

कुर्ल्यात आमच्या चाळीला लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. ईस्ट इंडियन. घरात ते मराठीच बोलत, फक्त हेल वेगळा. नाताळच्या सकाळी त्यांचा मुलगा, साधारण माझ्याच वयाचा, विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन आमच्या दारात उभा राही. ताटात कुलकुले, करंजीसारख्या न्यूऱ्या आणि केकचे तुकडे. माझी आजी हसतमुखाने ताट घेई, मुलाच्या हातावर साखर ठेवी आणि तो वळला की जिना झाडायला येणाऱ्या बाईच्या पदरात ते रिकामे करी. आम्ही त्यातले कधी काही खाल्ले नाही. दिवाळीत आमचे ताट त्यांच्याकडे जाई, तेव्हा ते आमच्यासमोर करंजी मोडून खात. या व्यवहारात काही चुकते आहे, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे मी मराठी ख्रिस्ती समाजाची कागदपत्रे वाचतो आहे. त्यामागे खरे तर ते ताटच आहे. दया आणि न्याय या दोन गोष्टी मुलाला शिकवतो कोण? आपल्या इतिहासलेखनाचे ठरलेले उत्तर म्हणजे मिशनच्या शाळा, दवाखाने, अनाथाश्रम. पण शाळेत मूल जाते ते घरात निम्मे घडून झाल्यावर. त्या घरात काय चालत असे, हे मला शोधायचे होते.

सुरुवात अर्थातच कुर्ल्यापासून केली. १५४८ साली पोर्तुगीज गव्हर्नरने कुर्ला आणि आणखी सहा गावे अंतोनियो पेसोआ याला लष्करी चाकरीबद्दल बहाल केली. इथले होली क्रॉस चर्च पोर्तुगीज अमदानीतले. ते १८४८ मध्ये पुन्हा बांधले गेले. १८८१ साली कुर्ल्याची वस्ती ९,७१५ होती. त्यातले निम्मे गिरणी कामगार, उरलेले कोळी, शेतकरी आणि मिठागरांवर राबणारे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये घेतले. एवढे सगळे कागदावर सापडते. चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी असतात. संध्याकाळी रोझरी संपल्यावर आई मुलांना काय सांगे, याची नोंद कोणतीही वही ठेवत नाही.

ती नोंद मला सापडली ती दुसऱ्या पंथाच्या, पण मराठीच, दोन घरांत. ही दोन्ही घरे प्रॉटेस्टंट, दोन्ही ब्राह्मण घरांतून ख्रिस्ती झालेली. आणि दोन्हीकडे लिहिणारी माणसे होती.

पहिले घर मायलेकींचे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची मनोरमा अडीच वर्षांची होती. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत-शिकवत असताना मनोरमा वाँटेजच्या भगिनींच्या सहवासात वाढत होती. या काळात रमाबाई आणि सिस्टर जेरल्डिन यांच्यात झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापला. तो वाचताना आपण एका आईचे भांडण ऐकत आहोत असे वाटते. चार वर्षांच्या मुलीला धर्म कोणी शिकवायचा आणि कोणता? रमाबाईंनी ख्रिस्ताला स्वीकारले होते, परंतु चर्चची प्रत्येक शिकवण डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या, आणि मुलीच्या बाबतीत तर अजिबात नाही. मुलगी इंग्लंडमध्येच वाढावी हेही त्यांना नको होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मनोरमा आपल्या देशातल्या लोकांवर त्यांच्यातलीच एक होऊन प्रेम करायला शिकली पाहिजे. त्यांच्याहून वरची, परकी होऊन नव्हे.

माझ्या मते या विषयाचे मर्म इथे आहे. दया वरून खाली देता येते. देणारा आपल्या जागी राहतो, घेणारा त्याच्या. न्यायासाठी देणाऱ्याला जागा सोडून खाली उतरावे लागते. आपल्या मुलीला अशा उंच जागेवर बसवू नका, एवढेच रमाबाई सांगत होत्या.

मनोरमा ते शिकली का? अमेरिकेत शिक्षणासाठी असताना ती ब्रेल लिपी शिकून आली, ती केडगावच्या मुक्ती सदनातल्या अंध मुलींसाठी. पुढे तिने आईच्याच कामात आयुष्य घातले. १९२१ मध्ये ती गेली आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाईही गेल्या.

याच घराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन त्यामागे होते. रमाबाई सकाळी मुलीसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. सदनातल्या काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे, की माझ्या घरात मी दार का लावू? पालकांचे म्हणणे असे, की ज्या विधवा मुलीला दुसरीकडे थाराच नाही, तिच्यासाठी ते दार नुसते उघडे नसते, ते ओढून घेते. मला दोन्हींत तथ्य दिसते. आश्रय देणाऱ्याची श्रद्धा आणि आश्रिताची मोकळीक यांचा मेळ घालणे रमाबाईंनाही सोपे गेले नाही.

दुसरे घर टिळकांचे. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’ची सुरुवातच सोवळ्याने होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू, अगदी मीठ-साखरसुद्धा, धुऊन घेण्यापर्यंत ते गेले. मुलांनी हे पाहिले, सोसले आणि उचललेही. माणसाला दूर ठेवण्याचा धडा कोणी फळ्यावर लिहून देत नाही. तो स्वयंपाकघरात मिळतो.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ आल्या, पण चूल आणि पाणी वेगळे ठेवून. लहान दत्तूच्या डोळ्यांदेखत एका कुटुंबात दोन पाण्याच्या घागरी होत्या. मग राहुरीला असताना त्यांचे स्वतःशीच भांडण झाले आणि निवाडाही झाला, की जात माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे. सोवळे सुटले ते तिथे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या न्यायापाशी आधी पोचल्या, चर्चपाशी नंतर.

त्याच सुमारास छप्पन्नचा दुष्काळ पडला होता. टिळकांच्या घरात अनाथ मुले आली आणि दत्तूच्या पंगतीत बसली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, या घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले. ते हिंदूच राहिले आणि त्यामुळे पानात काही कमी पडले नाही. शारदा सदनाच्या दारापाशी अडलेल्या प्रश्नाला हे एक उत्तर होते, असे मी मानतो. १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. घरातली पंगतच त्यांनी अंगणात आणली होती. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता पाठ्यपुस्तकातून मराठी मुलांच्या पिढ्यांनी पाठ केली. मीही केली. ती म्हणताना डोळ्यांत पाणी यायचे. त्याच डिसेंबरात आजीने शेजारचे ताट रिकामे केले, आणि मला काहीच वाटले नाही.

तीन वर्षांपूर्वी शेजारचा तो मुलगा भेटला. आता वसईला असतो, नातवंडे आहेत. धीर करून विचारले, “तुला ठाऊक होतं?” तो हसला. पहिल्याच वर्षी जिन्यातून वळून त्याने पाहिले होते. रडत घरी जाऊन त्याने आईला सांगितले, की आता त्यांच्याकडे जाणार नाही. आई म्हणाली, पुढच्या वर्षीही तूच जायचे. आणि तिने एक बदल केला. दुसऱ्या वर्षापासून ती दोन ताटे भरू लागली. एक आमचे, आणि एक जिना झाडणाऱ्या बाईचे, तसाच विणलेला रुमाल घालून. ते तिच्या खोलीवर जाऊन, तिच्या दारात उभे राहून तिच्या हातात द्यायचे, हे कामही त्याचेच.

ते दुसरे ताट मी कधी पाहिले नव्हते.