इंजिनाची जागा

आमच्या भागात गाडीचं इंजिन कुणी 'काढत' नाही, 'उतरवतात'. दुरुस्ती झाल्यावर ते 'जोडत' नाहीत, 'बांधतात'. घर बांधावं तसं इंजिन बांधायचं. गंमत अशी, की जुन्या गाड्यांचं इंजिन उतरवताना खाली येतच नाही, साखळीला लटकून वर जातं. तरी शब्द 'उतरवणं'च. बैलगाडीवरचा माल उतरवणाऱ्या हातांनीच पुढं मोटारी धरल्या आणि शब्दही सोबत आणला, असा माझा आपला अंदाज. कविता लिहिणाऱ्याला असल्या शब्दांचा नाद असतो. त्या नादापायी मी मोटारींच्या इतिहासात शिरलो.

छापला जाणारा मोटारींचा इतिहास कारखान्यांचा असतो. अमुक साली अमुक गाडी बाहेर पडली, तमुक साली बंद झाली. तो मीही सांगणार आहे, पण वेगळ्या बाजूनं. गाडीत इंजिन कुठं बसवलं होतं, ती जागा कधी बदलली आणि बदलली तेव्हा ते उतरवणाऱ्या मिस्त्रीचं काय झालं, हा माझा विषय.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकीत इंजिन मागं होतं, आसनाच्या पाठीशी. १८९१ मध्ये फ्रान्सच्या पानार-लव्हासॉर कंपनीनं ते पुढं आणलं. पुढं इंजिन, त्यामागं क्लच, त्यामागं गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना. काही वर्षांत लुई रेनो यांनी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या साखळीऐवजी फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट बसवला. ही मांडणी पुढची कितीतरी दशकं जगभर चालली. आमच्या मराठवाड्यात मोटार आली ती बहुतेक याच रूपात.

हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाच्या सरकारनं १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन स्वतःचं बसखातं सुरू केलं. गाड्या अल्बियन या विलायती कंपनीच्या. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, या खात्यात क्लीनर होते. बसचं नाक उघडून आत हात घालणारी आमच्या घरातली ती पहिली पिढी. १९४८ मध्ये संस्थान गेलं, निजामाची फौज मोडली. आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांची सरकारी चाकरी गेली. मग ज्याच्या हाताला जे येत होतं त्यावर घर चालू लागलं. कुणी रेडिएटर झाळू लागला, कुणी बॅटऱ्या भरू लागला, कुणी मोटारी खोलू लागला. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला म्हणतात आणि 'उस्ताद' फारसीतून. आमच्या मोहल्ल्यात दोन्ही एकाच माणसाला लागायचे.

त्याच सुमारास मुंबईत गाड्या तयार होऊ लागल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीची पाटी 'महिंद्र अँड महिंद्र' अशी बदलली. आमच्या खेड्यांत साहेबाची आणि पुढाऱ्याची जीप यायची ती या कंपनीची.

परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद, देशात बनणारे नमुने मोजून दोन-तीन, आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. मग गाडी मरू द्यायचीच नाही, हा एकच मार्ग उरला. कुर्ल्यात १९५४ पासून फियाट ११०० बनत होती. तिचंच पुढं १९७४ साली 'पद्मिनी' असं नाव झालं. पोटातलं १०८९ सीसीचं इंजिन मात्र घराण्याचं तेच. ते थकलं की उतरवायचं, सिलिंडर बोअर करायचे, नवे पिस्टन आणि रिंगा टाकायच्या, पुन्हा बांधायचं. एकेका गाडीचं इंजिन तीन-तीन, चार-चार वेळा उतरलेलं असायचं.

हे काम मी १९८० च्या आसपास जवळून पाहिलं. हिंगोलीत, तेव्हा ती परभणी जिल्ह्यात होती, माझ्या चाचांच्या घराशेजारी एका उस्तादांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक जाडजूड कडुनिंब आणि तेलानं काळी पडलेली जमीन. सुट्टीत मी दिवसभर तिथं. उस्ताद आधी बॅटरीची तार सोडवायचे. मग बॉनेट उतरवून भिंतीला टेकवायचं. पाणी आणि तेल सोडून द्यायचं. रेडिएटर बाहेर. मग पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरची दांडी, सायलेन्सरचा पाइप, स्टार्टरची जाड तार. एक चेला गाडीखाली पोत्यावर उताणा सरकून शाफ्टचे बोल्ट खोलायचा. गिअरबॉक्सखाली जॅक लावायचा. इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं त्यांचे बोल्ट सगळ्यात शेवटी. कडुनिंबाच्या फांदीला चेन-कप्पी टांगलेली असायची.

अवघड जागा एकच. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दातऱ्यांत शिरलेला असतो. इंजिन वेगळं होताना गिअरबॉक्सचं वजन त्या शाफ्टवर लोंबकळलं, तर प्लेट वाकते आणि दोन दिवसांची मेहनत पाण्यात. उस्ताद तिथं चेल्याला मागं सारून स्वतः पुढं व्हायचे. म्हणायचे, "वजन हात पे ले बेटा, शाफ्ट पे नक्को डाल." उस्तादांना वाचता येत नव्हतं. खोललेले नटबोल्ट ते एका जुन्या चादरीवर मांडायचे. गाडीत जो जिथं असेल, चादरीवरही तो तिथंच. त्या चादरीवर सगळ्या गाडीचा नकाशा उमटायचा. पोरांना तिच्यावरून उडी मारायचीसुद्धा मनाई होती.

१९७३ नंतर जगभर तेल महागलं आणि पेट्रोलची जीप ठेवणं परवडेना. तेव्हा उस्तादांसारख्यांनी नवीनच उद्योग काढला. जीपचं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं. एका घराण्याचं इंजिन दुसऱ्याच्या गिअरबॉक्सला थोडंच जुळतं? मग लेथवर जाड लोखंडी प्लेट कातून दोघांच्या मध्ये घालायची, बोल्टांची भोकं हातानं आखायची. आरटीओच्या पुस्तकात तशी नोंद करून घेणं हे वेगळं लचांड. या कामाचं शिक्षण कुठल्याही कारखान्यानं दिलं नव्हतं. आमच्याकडच्या मोटारविद्येतला सर्वांत मोठा कालखंड मला हाच वाटतो.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली. आमच्याकडे ती पोचायला काही वर्षं गेली. पोचली तेव्हा उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. इंजिन आडवं! शाफ्ट नाहीच. ताकद पुढच्याच चाकांना. १९५६ च्या सुवेझ पेचात इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. त्यातून अलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये 'मिनी' ही गाडी काढली आणि कमी जागेत इंजिन आडवं मावतं हे दाखवलं. पण गिअरबॉक्स त्यांनी इंजिनाच्या पोटाखाली ठेवला होता. तो इंजिनाच्या कडेला, त्याच्याच ओळीत बसवून ही मांडणी १९६४ साली सुटसुटीत केली ती इटलीच्या दांते जियाकोझा यांनी. आता योगायोग पाहा. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा मूळपुरुष म्हणजे १९३७ ची फियाट ११००. ती घडवणारे हेच जियाकोझा. म्हणजे तुरीन शहरातल्या एकाच माणसानं आमच्या उस्तादांना आयुष्यभराचं काम दिलं आणि त्यांची विद्या जुनीही त्यानंच करून टाकली. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं नव्हतं.

इंजिन मागं ठेवण्याचेही प्रयत्न महाराष्ट्रात झाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः घडवली. तिचं इंजिन मागं होतं. तिला कारखान्याचा परवाना मिळाला नाही. मी शंकररावांना उस्तादांच्याच पंगतीत बसवतो. मागं इंजिन असलेली टाटांची नॅनो २००९ मध्ये विक्रीला आली, तीही आता इतिहासजमा आहे.

आता साखऱ्याची गोष्ट. सेनगाव तालुक्यातलं आमचं हे गाव, हळद-सोयाबीनचं. इथं स्पोर्ट्‌स कार कुठून येणार? पण माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि त्यानं जुनी सॅन स्टॉर्म विकत घेतली. बेंगळुरूच्या सॅन मोटर्सनं १९९८ च्या सुमारास आणलेली ही दोन माणसांची गाडी. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. क्लच घसरत होता, गिअरबॉक्स कण्हत होता. पुण्यात फ्लॅटच्या पार्किंगमध्ये असलं काम कोण करू देणार? म्हणून ट्रकवर घालून गाडी साखऱ्याला आली आणि हळदीची पोती हलवून आम्ही पत्र्याची शेड रिकामी केली. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे एक चेले सेनगावला असतात, साठी ओलांडलेले. त्यांना बोलावलं.

भाचा प्रत्येक तार सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घेत होता. चेल्यांनी आल्याबरोबर जुनी चादर मागितली. फायबरला ओरखडा नको म्हणून दोन्ही बाजूंना गोधड्या अंथरल्या. पेट्रोलच्या नळीतला दाब मोकळा केला, गिअरचं तेल सोडलं, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट ओढून घेतले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढायचे ठरले. वरून वाट नव्हती. मग दोघं मिळून एक फळीवर, जॅकच्या आधारानं हळूहळू खाली सोडलं. गावातल्या पाच जणांनी गाडीचं नाक उचलून धरलं, खाली लाकडी ठोकळे सरकवले, आणि फळी पुढून ओढून घेतली. माझ्या पाहण्यातलं हे पहिलं इंजिन, जे खरोखर 'उतरलं'.

क्लच प्लेट झिजून पापडासारखी झाली होती. ती मिळवायला भाच्याला महिना लागला. गिअरबॉक्सचं एक बेअरिंग मात्र चेल्यांनी नुसतं बोटांत फिरवून वेगळं काढलं. भाच्यानं विचारलं, "चाचा, कसं कळलं?" ते म्हणाले, "बोलतंय की." पुढं काही नाही.

मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, जुन्या आठवणी छापल्या. ती गाडी इतकी वर्षं ज्यांनी चालती ठेवली त्यांच्याबद्दल फारसं कुठं वाचायला मिळालं नाही. म्हणून मी एक वही घातली आहे. हिंगोली, सेनगाव, जिंतूर, रिसोड, जमेल तिथं जुन्या मिस्त्र्यांकडे बसतो आणि ते जसं बोलतात तसं उतरवून घेतो. इंजिन तेल 'खातं'. टॅपेट 'बोलतात'. दोन भागांमधली फट 'केसभर' असते आणि केस कुणाचा, यावर वाद होतात.

मागच्या आठवड्यात सेनगावच्या त्या चेल्यांच्या दारात बॅटरीवर चालणारी रिक्षा दुरुस्तीला आली होती. क्लच नाही, पिस्टन नाही, तेल नाही. मी पोचलो तेव्हा ते मोटरचे बोल्ट सैल करत होते. मी वही उघडून विचारलं, "हिला काय म्हणायचं, उतरवणं की काढणं?"

"थांबा," ते म्हणाले. "अजून वजन हातावर घेतलं नाही."