नक्कल आणि दृष्टि

कल्याणहून लोहमार्गानें कर्जतच्या दिशेस निघालें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें ओळीनें लागतात. ह्यांत उल्हासनगर सर्वांत नवें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील लष्करी छावणीच्या जागीं १९४७ नंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्यें तिला हें नांव मिळालें. अंबरनाथचें वैभव मात्र फार जुनें आहे. वालधुनीच्या कांठच्या तेथील शिवालयांत जो शिलालेख आहे, त्यांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणि ह्याचें नांव आढळतें. अर्वाचीन तैलचित्रांच्या विवेचनांत ह्या काळ्या दगडाच्या देवळाचा उल्लेख कशासाठीं, असें कोणास वाटेल. परंतु परक्या रंगसाहित्याचा आणि घरच्या परंपरेचा जो संबंध पुढें आपल्या चित्रकलेंत जुळावयाचा होता, त्याचा एक आरंभ ह्याच देवळाच्या भिंतींपाशीं झालेला आहे.

१८६८ सालीं सरकारी आज्ञेवरून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचें एक पथक टेरी ह्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं अंबरनाथला आलें. कल्याणच्या पुढें आगगाडी १८५६ मध्येंच सुरू झालेली होती. ह्या पथकानें देवळाचीं मोजमापें घेऊन रेखाचित्रें काढलीं आणि कोरीव कामाचे साचे उतरवून घेतले. कलाशाळा तेव्हां अवघी अकरा वर्षांची होती. युरोपीय पद्धतीनें रेखाटन करण्यास शिकलेल्या हातांना आपल्याच प्रांतांतील शिल्पाशीं इतका निकट परिचय करून घेण्याची संधि क्वचितच आली असेल. मात्र त्या कामाचा हेतु नोंद करणें हा होता. साचा दगडाचा आकार जसाच्या तसा घेतो. तो आकार तसाच कां घडविला, हें सांगण्याचें काम साच्याचें नव्हे.

ह्याच वृत्तीचा मोठा प्रयोग अजिंठ्यास झाला. मेजर रॉबर्ट गिल ह्यानें १८४४ पासून पुष्कळ वर्षें खपून तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगांत नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. पुढें कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं १८७२ ते १८८५ ह्या काळांत आपल्या हिंदी विद्यार्थ्यांसह सुमारे ३०० नकला तयार केल्या. त्यांपैकींही बऱ्याच १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगींत नष्ट झाल्या. ह्याही नकला तैलरंगांतच होत्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अजिंठ्याचा रंग मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर बसविलेला आहे. तो खनिज रंग असून त्याला तकाकी नाहीं. तेथें आकृतीचा प्राण रेषेंत आहे आणि आकृतीची सावली जमिनीवर सहसा पडत नाहीं. तैलरंगाचा स्वभाव ह्याच्या उलट. तो सावकाश वाळतो, एका छटेंतून दुसरींत हळुवार उतरतो आणि रेशीम, सोनें किंवा कातडी ह्यांवरील उजेड हुबेहूब दाखवितो. म्हणून तैलरंगानें अजिंठा उतरविणाऱ्यास पदोपदीं आपल्या साहित्याच्या स्वभावाशींच झगडावें लागे.

ह्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे अग्रगण्य होते. त्यांचा जन्म १८५१ चा. बोधिसत्त्वांच्या त्या विशाल आकृतींसमोर त्यांच्याइतका काळ उभा राहिलेला दुसरा चित्रकार त्या पिढींत विरळाच. असें असूनही त्यांचीं स्वतःचीं तैलचित्रें पाहूं गेल्यास अजिंठा त्यांत कोठेंच दिसत नाहीं. पोपटाला चारा घालणाऱ्या स्त्रीचें त्यांचें प्रसिद्ध चित्र पाहावें. घरांतील शांत क्षण आणि वस्त्राच्या पोतावर विसावलेला उजेड, हा त्याचा विषय आहे. इंग्रज चित्रकार व्हॅलेंटाइन प्रिन्सेप ह्याच्याकडून त्यांनीं व्यक्तिचित्रणाचे धडे घेतले होते, आणि तो वारसा त्यांनीं मुंबईच्या पारशी घराच्या उंबरठ्याआंत आणला.

राजा रविवर्मा ह्यांची वाट निराळी. ज्या वर्षीं कलाशाळेचें पथक अंबरनाथला आलें, त्याच १८६८ सालीं थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्रिवेंद्रमच्या दरबारीं आला होता. त्यानें रविवर्म्यांना शिकविलें नाहीं. केवळ रंगवितांना पाहूं दिलें. पाहून घेतलेल्या त्या विद्येवर त्यांनीं पुराणांतील नायिका उभ्या केल्या. सयाजीराव गायकवाडांनीं १८८८ मध्यें त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रें मागविलीं, आणि १८९४ मध्यें मुंबईस निघालेल्या त्यांच्या छापखान्यानें असलीं चित्रें घरोघर पोंचविलीं. ह्या नायिकांना त्यांनीं अनेकदां मराठी पद्धतीचें लुगडें नेसविलें. त्यांच्या चित्रांत विषय पुराणांतला आणि वेष दक्षिणेंतला आहे. परंतु अवकाशाची कल्पना, प्रकाशाची दिशा आणि पात्रांचा अभिनय हीं सर्व युरोपच्या नाट्यगृहाला जवळचीं आहेत.

ह्यानंतर सुमारे अर्ध्या शतकानें अमृता शेरगिल हिचीं चित्रें मुंबईच्या रसिकांपुढें आलीं. तिचा जन्म १९१३ मध्यें बुडापेस्ट येथें झाला. वडील शीख सरदार, आई हंगेरियन. १९२९ पासून पांच वर्षें तिनें पॅरिसमध्यें तैलरंगाचें शिक्षण घेतलें. तेथें सेझान व गोगँ ह्यांच्या चित्रांनीं तिला सपाट रंगक्षेत्रांचें आणि भरीव, सोप्या आकारांचें सामर्थ्य दाखविलें. १९३५ मधील तिच्या ‘तीन मुली’ ह्या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक १९३७ मध्यें मिळालें. तिघी शेजारीं बसल्या आहेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाहीं. मागें घर नाहीं, सामान नाहीं. त्यांचें दुःख अभिनयांतून येत नाहीं. तें वस्त्रांच्या रंगांतून आणि खालीं वळलेल्या नजरांतून येतें.

१९३६ च्या अखेरीस तिनें अजिंठा व वेरूळ पाहिलें आणि दक्षिणेचा प्रवास केला. १९३७ मधील ‘वधूचा शृंगार’ हें त्यानंतरचें चित्र अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांतील प्रसाधनदृश्याशेजारीं ठेवून पाहावें. मधोमध उजळ कांतीची स्त्री आणि भोंवतीं सेविका, ही मांडणी दोहोंत जवळजवळ आहे. तैलरंगाची तकाकी येथें मावळली आहे आणि आकृति बाह्यरेषेनें बांधलेल्या आहेत. पण अजिंठ्याचा विलास मात्र तिनें घेतला नाहीं. तिच्या वधूच्या मुखावर औदासीन्य आहे. ह्याला नक्कल म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां वर्षानुवर्षें नक्कल करणाऱ्या पेस्तनजींच्या चित्रांत जें उतरलें नाहीं, तें एका भेटींत शेरगिलच्या चित्रांत कसें आलें? पेस्तनजींना कमी दिसलें, असा निवाडा करणें अन्यायाचें होईल. नकलाकाराचें कर्तव्य स्वतःस पुसून टाकणें हें असतें. त्यांनीं तें निष्ठेनें पाळलें, आणि भिंतींवरून पुढें झिजून गेलेलीं कित्येक चित्रें आज अशा नकलांतूनच कळतात. शिवाय त्यांना शिकविणारें युरोप छायाप्रकाशाच्या सत्याभासाला प्रमाण मानणारें होतें. शेरगिल शिकली तें युरोप त्या सत्याभासाला कंटाळलें होतें. ज्या गोगँकडून ती शिकली, त्याच्याजवळ जावांतील बोरोबुदुरच्या बौद्ध शिल्पांचीं छायाचित्रें होतीं आणि त्यांतल्या आकृति त्यानें आपल्या चित्रांत वापरल्या होत्या. म्हणजे आशियाच्या दगडाचें शिक्षण तिला पॅरिसमध्यें आधींच मिळालेलें होतें. अजिंठ्यास तिला त्याचें मूळ भेटलें.

प्रभाव जवळ असण्यानें पडतोच असें नाहीं. पाहणाऱ्याच्या मनांत त्या घटकेस कोणता प्रश्न आहे, ह्यावर तो अवलंबून असतो. शेरगिल १९४१ मध्यें, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, लाहोरास निवर्तली. तिचा प्रश्न अपुरा राहिला. अंबरनाथचें देऊळ आजही उभें आहे. उल्हासनगर वा बदलापूर येथील श्रोत्यास तेथें जाण्यास फार वेळ लागावयाचा नाहीं. सकाळच्या तिरप्या उन्हांत त्या भिंतींवरील एखादी मूर्ति पाहावी आणि १८६८ च्या त्या विद्यार्थ्यांनीं तिचा साचा घेतांना काय पाहिलें असेल, ह्याचा विचार करावा.