इंजिन ऑइलची गळती : जुन्या ट्रकमधील

इंजिनातील वंगणतेल पॅकिंग, ऑइल सील, नळी किंवा बोल्टच्या जागेतून बाहेर येणे म्हणजे ऑइलची गळती. तेल बाहेर न येता सिलिंडरात जळून कमी होत असेल, तर ती गळती नव्हे. अशा वेळी सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि खाली जमीन कोरडी राहते. दोन्ही तक्रारी एकाच गाडीत असू शकतात, पण त्यांची दुरुस्ती वेगळी आहे. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या इंजिनाच्या सांध्यावर थोडे ओलेपण धरणे अटळ असते. त्यावर धूळ बसून काळा थर होतो, तेवढ्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नसते. थेंब पडू लागला की मात्र ती गळती धरावी. दर दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांवर थेंब, म्हणजेच सुमारे पाव लिटर तेल.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या दुखण्याला खास जागा आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८, शिरवळजवळ नीरा ओलांडून साताऱ्यात शिरतो आणि खंबाटकी घाट, सातारा, उंब्रज, कराड, पेठ नाका असा वारणेपर्यंत जातो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा अशा साखर कारखान्यांच्या हद्दींत ऊसवाहतुकीला आजही जुने ट्रक लागतात. एमएच ११, एमएच १० आणि एमएच ५० या पाट्यांच्या अशा गाड्या हंगामात रात्रंदिवस धावतात. फडातून ओव्हरलोड निघायचे, शेतवाटेवर पहिल्या गिअरमध्ये इंजिन ताणायचे आणि मग कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास थांबायचे, असे हे काम असते. तापणे आणि थंड होणे या फेऱ्यात रबर कडक होते, कॉर्क आक्रसतो, बोल्ट सैल पडतात.

यांतले बरेच ट्रक टाटाचे आहेत. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डेम्लर-बेंझशी करार केला. तो १९६९ मध्ये संपला आणि पुढे गाड्या टाटाच्या नावाने येऊ लागल्या. त्या घराण्यातल्या इंजिनांचा आकडा वाचता आला, तर सुटे भाग मागताना चूक होत नाही. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर, ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर. ४०७ गाडीतले ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिलिमीटर. दुकानात नुसते 'टाटाचे चेंबर पॅकिंग' मागणाऱ्याला चुकीचे पॅकिंग मिळते आणि गळतीची पहिली दुरुस्ती तिथेच फसते. गाडीच्या मॉडेलपेक्षा इंजिनाचा आकडा सांगावा, कारण जुन्या गाड्यांत इंजिन बदललेले असण्याची शक्यता मोठी.

गळतीचे कारण दोनच प्रकारचे असते. एक तर अडवणारी वस्तू निकामी झालेली असते, नाही तर आतला दाब वाढलेला असतो. दुसरे कारण बहुतेक वेळा नजरेतून सुटते आणि माझ्या मते फुकट गेलेल्या दुरुस्त्यांचे मूळ तेच आहे. रिंगा आणि लायनर झिजले की जळालेल्या वायूचा काही भाग पिस्टनच्या कडेने खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा वायू ब्रीदरमधून बाहेर पडायला हवा. ब्रीदरची नळी काजळीने, धुळीने किंवा उसाच्या पाचटाच्या भुशाने चोंदली, तर दाब तेलाला सर्वांत कमजोर सीलमधून ढकलतो. मग नवे सील घातले तरी ते महिन्या-दोन महिन्यांत ओले होते आणि दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. तपासणी सोपी आहे. इंजिन गरम असताना आरामात चालू ठेवून तेल ओतायचे झाकण हळूच सैल करावे. हलका वाफेसारखा धूर ठीक. झाकण नाचत असेल आणि धूर फुंकल्यासारखा दमाने येत असेल, तर आधी ब्रीदर साफ करावा. तरीही तेच राहिले, तर इंजिनकामाची वेळ आली आहे, सील बदलून उपयोग नाही.

शोध घेण्याआधी गेजपट्टी बघावी. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल, तर क्रँक तेल घुसळते आणि फेस सीलकडे जातो. पातळी आपोआप चढत असेल, तर तेलात डिझेल मिसळत आहे, म्हणजे पंपाकडे बघावे लागेल. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर पाणी शिरले आहे आणि तो हेड किंवा लायनरचा प्रश्न आहे, या नोंदीचा नव्हे.

त्यानंतर इंजिन धुवावे. ही पायरी टाळली जाते आणि म्हणूनच अंदाजाने सील बदलले जातात. डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रश घेऊन वरपासून खालपर्यंत जुना थर काढायचा, मग हवा मारून कोरडे करायचे. डायनामो-स्टार्टरच्या तारांवर पाणी मारू नये. कोरड्या इंजिनावर संशयाच्या जागी खडूची पूड किंवा टाल्कम पावडर शिंपडली, तर तेलाची पहिली ओली रेघ पांढऱ्यावर स्पष्ट उमटते. इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटे नुसते बघत राहावे, मग गाडी थोडी चालवून परत बघावे. फिरणाऱ्या पंख्याजवळ आणि पट्ट्याजवळ हात, चिंधी किंवा सैल बाही नेऊ नये. खाली शिरायचे असेल तर गाडी सपाट जागेवर, चाकांना उटी लावून, इंजिन बंद करून मगच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये.

नजर नेहमी वरून खाली न्यावी. तेल गुरुत्वाने खाली आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते, त्यामुळे थेंब पडतो तिथे गळती क्वचितच असते. सर्वांत वरचा ओला ठिपका हाच खरा उगम. फ्लायव्हीलच्या घरातून थेंब पडताना दिसला की 'मागचे क्रँक सील गेले' असा निष्कर्ष लगेच निघतो, पण टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून उतरलेले तेलही नेमके तिथेच येते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग तासाभराचे काम आहे. क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मागून येणारे तेल बोटावर घेऊन वासही घ्यावा. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइल काळे आणि जळके लागते. उजेड कमी असेल तर ही पारख उपयोगी पडते.

घाट स्वतःच एक तपासणी आहे. पुण्याकडून साताऱ्याला येताना भरलेला ट्रक खंबाटकी चढतो, तेव्हा चेंबरमधले तेल मागे जमा होते आणि मागचे सील ते अडवू शकत नसेल, तर माथ्यावर गाडी थांबवताच खाली डाग दिसतो. कराड-पाटणकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलेल्या गाडीत पुढच्या टायमिंग कव्हरचे सील उघडे पडते. चालकाने फक्त चढाला की फक्त उताराला गळते एवढे नीट सांगितले, तरी मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

बाकीच्या जागा थोडक्यात : ड्रेन नट, फिल्टरचे बूड, ऑइल कूलर, प्रेशर गेजकडे जाणारी बारीक नळी, एअर कॉम्प्रेसरच्या नळ्या, टर्बो असेल तर त्याची तेलाची येण्या-जाण्याची नळी. गेजची नळी फुटली तर दाबाने धार लागते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते. ही एक गळती रस्त्यात वाट बघणारी नाही. तेल गरम एक्झॉस्टवर पडत असेल, तर केबिनमध्ये जळका वास येतो आणि आगीचा धोका असतो.

दुरुस्तीत सगळ्यांत जास्त चुका चेंबरवर होतात. पत्र्याचे चेंबर बोल्ट ताणून ताणून घट्ट केलेले असते आणि प्रत्येक भोकाभोवती कड आत वाकलेली असते. दोन बोल्टांच्या मध्ये मग फट राहते, कितीही जाड पॅकिंग घातले तरी. चेंबर उतरवून कड ऐरणीवर हातोडीने सपाट करावी, सपाट पट्टी लावून तपासावी, जुने पॅकिंग पूर्ण खरवडावे. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते कोरडे घासून धूळ उडवू नये. ओले करून काढावे. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत.

सिलिकॉन किंवा अ‍ॅनाबॉन्ड हा मोह आहे. बारीक, सलग धार पुरते. ढीग लावला तर आवळताना तो आतल्या बाजूला फुगतो, वाळून तुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. तेलाचा दाब पडून इंजिन जाम होण्यापर्यंत मजल जाते. बाहेरून गळतीवर थापलेले सिलिकॉन किंवा एम-सील तर तेलकट पत्र्याला धरतच नाही. गाडी कारखान्यापर्यंत नेण्याची तात्पुरती सोय म्हणून ठीक, दुरुस्ती म्हणून नाही. ड्रेन नटाच्या तांब्याच्या वायसरला मात्र नवे आयुष्य देता येते. दाबून कडक झालेला वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडला की तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते. फार झिजलेला असेल तर नवा घ्यावा.

मागच्या क्रँक सीलचे काम जड आहे. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवून सील काढल्यावर शाफ्टवर बोट फिरवावे. सीलच्या ओठाने घासून पडलेली चरी नखाला लागत असेल, तर नवे सीलही तिथेच गळणार. त्यावर उपाय दोन : सील किंचित आत किंवा बाहेर बसवून ओठ चांगल्या भागावर आणणे, किंवा शाफ्टवर बारीक बाही चढवणे. या कामाचे कसब या भागात आहे. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात काढलेला कारखाना आणि १९१० पासूनची किर्लोस्करवाडी यांनी नांगर, पंप आणि इंजिनांबरोबर टर्नर-फिटरांच्या पिढ्या घडवल्या. सातारा, कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसींत आजही लेथवर असे काम होते. सील बसवताना ओठाला तेल लावावे, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी आणि सरळ बसण्यासाठी योग्य मापाची नळी वापरावी. हातोडीने एकाच कडेवर ठोकू नये. गिअरबॉक्स खाली आलाच आहे, तर तेलाने भिजलेली क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले बेअरिंग त्याच दिवशी बदलावे. तीच मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

काम संपल्यावर ठरलेल्या ग्रेडचे तेल खुणेपर्यंत भरावे. गळती थांबावी म्हणून जाड तेल भरणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की थंडीच्या पहाटे ते वरच्या टॅपेटपर्यंत उशिरा पोचते. ऑइल प्रेशरचा दिवा चालताना पेटला, तर कुठे पोचायचे आहे हे न बघता इंजिन बंद करावे.

वेळ कोणती, याचे उत्तर या दोन जिल्ह्यांत सोपे आहे. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. हंगामात गाडी उभी करता येत नाही, म्हणून वरवरची मलमपट्टी होते. जुलै ते सप्टेंबर हा काळ धुऊन, शोधून, उघडून करण्याच्या कामाचा. हंगामाच्या तोंडावर आलेल्या गाड्यांना मिस्त्रीही वेळ देऊ शकत नाही.

उतरवलेल्या जळक्या ऑइलचे काय करायचे, हा प्रश्न दुरुस्तीचाच भाग आहे. ते ओढ्यात, गटारात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओतले, तर उतार कृष्णा, कोयना किंवा वारणेकडेच आहे. सांडलेले तेल लाकडाच्या भुशाने किंवा वाळूने टिपावे, विशेषतः डांबरी रस्त्यावर, कारण पहिल्या पावसात त्याच डागावर दुचाकी घसरते. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते वेगळ्या डब्यात साठवून परवानाधारक संकलकालाच द्यावे.