मापात पाप : पी-५३ आणि पी-१६ची कुळकथा

मानवतच्या बाजारात कापसाची गाडी भुईकाट्यावर दोनदा चढते, आधी भरलेली आणि मग रिकामी. वजाबाकीत उरेल तो माल. घशातल्या गाठीचा तुकडा तपासून आलेल्या रिपोर्टात पी-५३, पी-१६ अशी नावं दिसतात, तीही काट्यावरच पडलेली आहेत. ‘पी’ म्हणजे प्रोटीन, पुढचा आकडा त्याचं किलोडाल्टनमधलं वजन.

प्रयोगशाळेतला काटा म्हणजे जेलचा पातळ थर. त्यातून विजेच्या ओढीने प्रथिनं पळवतात. हलकं पुढे निघतं, जड मागे रेंगाळतं. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिन्झर व अर्नोल्ड लेव्हिन यांना माकडाच्या एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलं एक अनोळखी प्रथिन सापडलं. काट्याने ५३ दाखवलं. खरं वजन ४४च्या आसपास. पण त्यात प्रोलिनचा भरणा असल्याने ते जेलमधून रखडत सरकतं. मापात पाप राहिलं आणि नाव तेच रुळलं.

पारखही चुकली. दहा वर्षं पी-५३ कर्करोग पेटवणारं मानलं गेलं, कारण प्रयोगांतला जनुकच बिघडलेला होता. १९८९मध्ये उलगडा झाला: धडधाकट पी-५३ हे पेशीचं राखणदार. बिघडलं की ते बहुधा पेशीत साचतं, म्हणून रंगवलेल्या स्लाइडवर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी उठतात.

पी-१६ची ओळख १९९३ची. ते वाढीला लगाम घालतं. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी एचपीव्ही विषाणूमुळे गाठ धरली, तर तो आरबी हे पुढचं प्रथिन निकामी करतो. मग पेशी पी-१६ भरमसाट बनवते, पण लगाम लागत नाही. किमान ७० टक्के पेशी ठळक तपकिरी दिसल्या की रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’.

इथे मात्र ‘पॉझिटिव्ह म्हणजे वाईट’ ही आपली नेहमीची समजूत उलटी पडते. २०१०च्या एका अमेरिकी अभ्यासात घशाच्या वाढलेल्या कर्करोगाचे एचपीव्हीवाले रुग्ण तीन वर्षांनी ८२ टक्के हयात होते, बाकीचे ५७ टक्के. आपल्याकडे या गाठींमागे बहुतेकदा तंबाखूच. म्हणून ‘पी-१६ निगेटिव्ह’ वाचून हुश्श करू नये. या काट्यावर पारडं जड भरलेलंच बरं.