पहिला खर्च रुग्णाचा

न्यू जर्सीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी बिलिंग सांभाळते. जानेवारी लागला की आपली मराठी माणसंही काउंटरवर कळवळून विचारतात, "ताई, विमा आहे ना, मग एवढे पैसे कसले?" समजा, एमआरआयचे आठशे डॉलर होतात. वर्षाचं दोन हजारांचं डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी वाटा उचलण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम, डिसेंबरपर्यंत भरून झालं असेल, तर आपल्या वाट्याच्या वीस टक्क्यांच्या हिशेबाने एकशे साठ डॉलरच द्यावे लागतात. जानेवारीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि आठशेच्या आठशे आपल्यालाच भरावे लागतात. को-पे वेगळा, ती दर भेटीची ठरलेली रक्कम.

अमेरिकेतल्या आरोग्यविम्याची सुरुवात अशी नव्हती. 1929 साली डॅलसच्या बेलर रुग्णालयात जस्टिन फोर्ड किंबल यांनी शिक्षकांसाठी योजना काढली. महिन्याला 50 सेंट भरायचे आणि वर्षात 21 दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार घ्यायचे. याच रोपट्याचा पुढे 'ब्लू क्रॉस' हा आरोग्यविमा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या आजारांसाठी 'मेजर मेडिकल' पॉलिसी आल्या आणि मोटारीच्या विम्यातलं डिडक्टिबल त्यांच्यासोबत आरोग्यविम्यात शिरलं.

फुकट मिळालं की माणूस उगाच डॉक्टरकडे जातो, असं विमा कंपन्यांचं म्हणणं होतं. ते रँड या संशोधन संस्थेने 1974 ते 1982 या काळात तपासून पाहिलं. काही कुटुंबांना उपचार मोफत दिले. इतरांना ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाचे 25, 50 किंवा 95 टक्के भरायला लावले. पैसे भरणारे डॉक्टरकडे कमी गेले, हे खरं ठरलं. पण त्यांनी अनावश्यक उपचारांइतकीच गरजेच्या उपचारांनाही काट मारली. उच्च रक्तदाबाच्या गरीब रुग्णांचा रक्तदाब मोफत उपचारांत जास्त आटोक्यात राहिला.

या निष्कर्षातला पहिला भाग धोरणकर्त्यांनी उचलून धरला, दुसरा मागे पडला. 2003 च्या कायद्याने तर मोठ्या डिडक्टिबलच्या पॉलिसींना करसवलतीची जोड दिली. माझ्या मते हा सामान्य माणसावर अन्याय आहे. बिलाच्या धास्तीने तपासणी पुढे ढकलणारे रुग्ण मी रोज बघते.

2010 च्या कायद्याने मात्र एक दार उघडलं. बहुतेक पॉलिसींत, नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे रक्तदाबासारख्या ठरावीक प्रतिबंधात्मक तपासण्यांना ना को-पे लागतो, ना डिडक्टिबल. तेव्हा पॉलिसीतली ही यादी आजच वाचून काढा, आणि निदान या तपासण्या तरी पैशांपायी टाळू नका.