लसणीचे माहेर

ऑक्टोबरच्या मध्याला न्यू जर्सीत टोमॅटोची झाडे उपटून झाली की बॅकयार्ड ओस पडते. लसूण लावायची वेळ मात्र हीच. पाकळ्या सुट्या कराव्यात, साल काढू नये, टोक वर ठेवून दोन इंच खोल खोचाव्यात आणि वर पाचोळा पसरावा. थंडी पुरेशी लागली तरच गड्ड्यात पाकळ्या पडतात. नाही तर कांद्यासारखी एकच गोल गाठ हाती येते.

बी का पेरत नाहीत? कारण आपल्या लसणीला ते धरतच नाही. हजारो वर्षे माणूस पाकळीच लावत आला आणि रोपाची बी धरण्याची शक्ती गेली. म्हणजे प्रत्येक वाण टिकला तो कोणीतरी दर वर्षी हाताने लावला म्हणून. लावणारे थांबले की वाण संपला.

तिचे माहेर मध्य आशिया. तिएनशान पर्वताच्या बाजूच्या काही लसणींना अजूनही बी धरते. योगायोग असा की लसणीवरचे एक जुने संस्कृत प्रकरणही तिकडेच सापडले. १८९० साली हॅमिल्टन बॉवर हा इंग्रज लष्करी अधिकारी एका खुन्याच्या मागावर असताना कुचा येथे (आज चीनच्या शिनजियांगमध्ये) त्याने भूर्जपत्रांची एक पोथी विकत घेतली. हर्न्ले यांनी ती संपादित केली. आता ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पोथीचा आरंभच लसणीच्या गुणगानाने होतो. अमृत प्यालेल्या असुराचे मुंडके विष्णूने उडवले, रक्त जमिनीवर सांडले, त्यातून लसूण उगवली. म्हणून ती ब्राह्मणांना वर्ज्य. पण पळवाटही तिथेच दिली आहे: गाईला चाऱ्यातून लसूण घालावी आणि तिचे दूध प्यावे! ही युक्ती वाचून मला तरी पूर्वजांविषयी जिव्हाळाच वाटला.

सोव्हिएत काळात हा मुलुख परक्यांना जवळजवळ बंदच होता. १९८९ साली अमेरिकन कृषी खात्याच्या फिलिप सायमन यांना तिथे लसूण गोळा करायला मिळाली. पुढे त्यातले काही वाण इथल्या हौशी बागवाल्यांपर्यंत पोहोचले. ते बहुतेक मधे कडक दांडा असलेले, बर्फाला न डगमगणारे. जूनमध्ये दांडा वळू लागला की कापावा आणि चटणीला घ्यावा.

जुलैत खालची पाने सुकली की गड्डे फावड्याने अलगद उपसावेत आणि सावलीत दोन-तीन आठवडे टांगावेत. सर्वांत मोठे गड्डे फोडणीत घालू नका, ते ऑक्टोबरसाठी.